सरकारला कारण सांगावेच लागते : ललई सिंग यांच्या खटल्याचा धडा

'भावना दुखावल्या' अशी ओरड झाली की पुस्तक बंद, कार्यक्रम रद्द, बोलणाऱ्यावर गुन्हा. हे रोज पाहून आपल्या अनेक तरुण कार्यकर्त्यांना वाटू लागले आहे की सरकारच्या मनात आले की ते काहीही बंद करू शकते, आणि संविधानाचे कलम 19 फक्त भाषणापुरते आहे. हा समज चुकीचा आहे, आणि तो खोटा पाडणारा माणूस आपल्याच चळवळीतला होता.

ललई सिंग उत्तर प्रदेशातील कानपूर भागातले. 1967 साली त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि नावापुढचे 'यादव' टाकून दिले. 1968 साली त्यांनी पेरियार रामस्वामी यांच्या रामायणावरील चिकित्सक पुस्तकाचा हिंदी अनुवाद 'सच्ची रामायण' या नावाने प्रकाशित केला. 8 डिसेंबर 1969 रोजी उत्तर प्रदेश सरकारने मूळ इंग्रजी पुस्तक आणि हा अनुवाद, दोन्ही जप्त केले. त्यासाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 99-अ वापरले. हिंदूंच्या धार्मिक भावनांचा हेतुपुरस्सर अपमान, हा आरोप.

आता बारकावा पाहा. या कलमानुसार सरकारने आपले मत का झाले, याची कारणे आदेशातच नमूद करायला हवीत. सरकारने काय केले? आक्षेपार्ह पाने आणि ओळींची यादी जोडली. त्या ओळींनी अपमान कसा होतो, याबद्दल मात्र मौन!

ललई सिंग उच्च न्यायालयात गेले. जानेवारी 1971 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने जप्ती रद्द केली. त्याच वर्षी त्यांनी प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या भाषणांच्या पुस्तकावरील जप्तीही त्याच न्यायालयाने उठवली. म्हणजे स्वतंत्र भारतात, संविधानाच्या शिल्पकाराचे शब्दही सरकारला खपत नव्हते.

सरकार 'सच्ची रामायण'साठी सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल लागला 16 सप्टेंबर 1976 रोजी. तारीख लक्षात घ्या. देशात आणीबाणी होती. पाचच महिन्यांपूर्वी याच न्यायालयाने जबलपूर खटल्यात अटकेतल्या नागरिकांना न्यायालयाचे दार बंद केले होते. अशा काळात न्या. कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने सरकारचे अपील फेटाळले. कारणे उघडच आहेत, ती लिहायची गरज नाही, हा सरकारचा दावा टिकला नाही.

काही जण म्हणतात, हा तर तांत्रिक विजय. पुस्तक योग्य की अयोग्य, हे न्यायालयाने ठरवलेच नाही. बरोबर आहे. पण सरकारने कारणच दिले नाही तर नागरिकाने न्यायालयात खोडायचे काय? आणि न्यायालयाने तपासायचे काय? कारण देण्याची सक्ती काढून घ्या, मग बंदीचा आदेश म्हणजे निव्वळ राजाज्ञा उरते. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने कलम 19(2) मध्ये 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे निर्बंधाचे कारण आले, तसाच 'वाजवी' हा शब्दही आला. तेव्हा कायदामंत्री बाबासाहेब होते. निर्बंध वाजवी आहे की नाही, हे सरकार स्वतःच ठरवू शकत नाही. ते न्यायालय तपासते. म्हणून कारण हवे.

महाराष्ट्रातही हे घडले. 1987 साली राज्य सरकारने बाबासाहेबांचे 'रिडल्स इन हिंदुइझम' प्रकाशित करताच राम-कृष्णावरील परिशिष्ट वगळा, अशी मागणी सुरू झाली. 1988 मध्ये आपली माणसे मुंबईच्या रस्त्यावर उतरली. मजकूर राहिला. फक्त सरकार या मतांशी सहमत नाही, अशी टीप आली. सरकारने असहमत असावे. त्याने पुस्तक मरत नाही.

आता अवघड प्रश्न. हे तत्त्व फक्त आपल्या पुस्तकांपुरते आहे का? 1989 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आरक्षण धोरणावर टीका करणारा एक तमिळ चित्रपट आला. मद्रास उच्च न्यायालयाने त्याचे प्रमाणपत्र रद्द केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बहाल केले आणि बजावले, की दंगलीची धमकी देणाऱ्यांपुढे झुकून सरकार अभिव्यक्ती दडपू शकत नाही. तो चित्रपट आपल्याला रुचणारा नव्हता. पण उद्या 'रिडल्स'च्या वाचनाला कोणी धमकी दिली, तर हाच निकाल आपल्या हातात असेल. जातीवरून माणसाचा जाहीर अपमान हा गुन्हाच आहे, त्यासाठी अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. धोरणावरच्या मताला मात्र उत्तर मताने द्यायचे.

म्हणून साथींनो, ऊठसूट बंदीची मागणी करू नका. आज आपण धार लावलेली सुरी उद्या आपल्याच मानेवर येते. आणि आपल्या पुस्तकावर जप्ती आलीच, तर घाबरू नका. आधी आदेश मागा, त्यात कारणे शोधा. आज जप्तीचे कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 98 आहे. कलम 99 नुसार दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येते. ललई सिंग हेच करून जिंकले.

जय भीम! जय संविधान!