मेहुण्याची साक्ष

पुढील महिन्यात मला इंदूरच्या न्यायालयात साक्षीदार म्हणून उभे राहावयाचे आहे. केंद्र शासनाच्या सेवेत आजवर काही वेळा मी साक्ष दिली आहे. परंतु ती खात्याच्या वतीने, हाती नस्ती घेऊन. या वेळी नस्ती नाही. आरोपी हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आहेत आणि मी बचाव पक्षाचा साक्षीदार आहे.

प्रकरण थोडक्यात असे. भाऊजी एका सहकारी संस्थेचे मानद कोषाध्यक्ष होते. आठ वर्षांपूर्वी नोव्हेंबरमधील एका दिवशी त्यांनी संस्थेच्या कार्यालयात बसून एका व्हाउचरवर सही केली व रोख रक्कम उचलली, असा आरोप आहे. त्या दिवशी ते दिल्लीत, माझ्या घरी, माझ्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला जेवायला बसले होते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि तरीही, मी सांगितले तर ते कोणी खरे का मानावे, हा प्रश्न गेले काही आठवडे माझ्या मनातून जात नाही.

हा प्रश्न फार जुना आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मी प्रथम कौटिल्याकडे वळलो. त्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अधिकरणात साक्षीस अपात्र ठरणाऱ्यांची यादी आहे. त्यात सहायक, धनको, ऋणको, वैरी अशी मंडळी येतात; परंतु यादीच्या आरंभीच ‘स्याल’ आहे. स्याल म्हणजे पत्नीचा भाऊ. म्हणजे नेमका मी! मारहाण, चोरी यांसारख्या प्रकरणांत कौटिल्य ही बंधने सैल करतो, पण तेथेही वैरी, सहायक आणि मेहुणा यांना दार बंदच ठेवतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही आप्त, मित्र व आर्थिक संबंध असलेले यांची साक्ष नाकारली आहे. मात्र घराच्या आत किंवा अरण्यात घडलेल्या गोष्टीबाबत, ज्याला प्रत्यक्ष अनुभव आहे असा कोणीही साक्षी चालेल, असा अपवाद मनूने ठेवला आहे. जे घरात घडते ते घरच्यांनाच ठाऊक असते, हे त्या काळीही उमगले होते.

इंग्लंडचा कायदा याहून उदार होता असे समजण्याचे कारण नाही. तेथे गंभीर गुन्ह्यांत आरोपीच्या साक्षीदारांना शपथ घेण्याचीच मुभा नव्हती. ती राजद्रोहाच्या खटल्यांत १६९६ साली व इतर गंभीर गुन्ह्यांत १७०२ साली मिळाली. ज्याचा निकालात स्वार्थ गुंतला आहे त्याचे तोंड बंद ठेवावे, हा नियम तर १८४३ पर्यंत टिकून होता. त्यावर सर्वांत कडक टीका केली ती जेरेमी बेंथमने. त्याचा पुराव्याविषयीचा पाच खंडांचा ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला. तो संपादित करणारा तरुण म्हणजे जॉन स्टुअर्ट मिल, जो तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कार्यालयात नोकरीला होता. आम्ही एम. ए.ला त्याचे अर्थशास्त्र वाचले. हे काम मात्र कोणी सांगितले नव्हते. बेंथमचे म्हणणे सरळ होते: स्वार्थ हे साक्षीदाराला हाकलण्याचे कारण नव्हे, त्याची साक्ष जपून तोलण्याचे कारण आहे.

हेच तत्त्व जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात आणले. ज्याला प्रश्न समजतो व जो उत्तर देऊ शकतो, तो प्रत्येक जण कलम ११८ प्रमाणे साक्षीस पात्र ठरला. फौजदारी खटल्यात आरोपीचा पती वा पत्नीही कलम १२० प्रमाणे पात्र ठरली. इंग्लंडमध्ये हा सर्वसाधारण नियम होण्यास १८९८ साल उजाडावे लागले. उलट आरोपीला स्वतःला शपथेवर साक्ष देण्याची मुभा मात्र आपल्याकडे १९५५ च्या दुरुस्तीनेच मिळाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. पण आमचा खटला जुना असल्याने त्याला स्टीफनचाच कायदा लागू आहे.

कायद्याने दार उघडले, तरी मनातील दार उघडण्यास वेळ लागतो. १९५३ साली दलीपसिंग प्रकरणात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांना (ते पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते) स्पष्ट करावे लागले की, केवळ नातेवाईक आहे म्हणून साक्षीदार अविश्वसनीय ठरत नाही. ते नातेवाईक फिर्यादी बाजूचे होते. बचावाच्या साक्षीदारांसाठी तसाच स्पष्ट शब्द आला तो १९८१ साली, दूधनाथ पांडे प्रकरणात. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बचावाच्या साक्षीदारांना सरकारी साक्षीदारांच्या बरोबरीचीच वागणूक मिळाली पाहिजे आणि त्यांच्यावर सहजप्रवृत्तीने अविश्वास दाखवण्याची सवय न्यायालयांनी सोडली पाहिजे.

आमच्या वकीलसाहेबांनी हे वाक्य मोठ्या उत्साहाने दाखवले. मी निकाल पुढे वाचला. आरोपी त्या वेळी नैनीच्या कारखान्यात कामावर होता, असे सांगणारे साक्षीदार होते. न्यायालयाने म्हटले, त्यांचे म्हणणे मानले तरी कारखाना व घटनास्थळ यांतील अंतर इतके कमी आहे की आरोपी दोन्ही ठिकाणी असू शकतो. समान वागणूक मिळाली. बचाव मात्र टिकला नाही. माणूस अन्यत्र होता एवढे पुरत नाही, तो येथे असूच शकत नव्हता असे दिसावे लागते. आणि हे सिद्ध करण्याचा भार कलम १०३ आरोपीवरच टाकते.

तेव्हापासून माझी तयारी बदलली. मी एका कागदावर दोन रकाने आखले: मी पाहिले आणि मला सांगितले. भाऊजींना सकाळी स्टेशनवरून मी आणले, हे पहिल्या रकान्यात. दुपारी पंगतीत मी वाढले, हेही तेथेच. तिसऱ्या दिवशी ते परतीच्या गाडीत बसले, हे दुसऱ्या रकान्यात गेले, कारण सोडायला मुलगा गेला होता. व्हाउचरवरील सही कोणाची, हे तर कोणत्याच रकान्यात बसेना. इतकी वर्षे मी हे सारे एका दमात ‘मला माहीत आहे’ म्हणून सांगत आलो होतो.

तारखेचा घोळ निराळाच. आईच्या वहीत श्राद्धाची तिथी कार्तिक वद्य तृतीया अशी आहे. आपले महिने अमावास्येला संपतात, उत्तरेतील पौर्णिमेला. त्यामुळे आपला कार्तिक वद्य पक्ष हिंदी पंचांगात मार्गशीर्ष कृष्ण, म्हणजे अगहन, असतो. इंदूरच्या न्यायालयात मी हिंदीतून ‘कार्तिक कृष्ण तृतीया’ म्हणालो असतो, तर भाऊजी दिवाळीच्या आधीच, म्हणजे महिनाभर अगोदर, दिल्लीत येऊन गेले असे नोंदले गेले असते. परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाने हे लक्षात ठेवावे. तिथी सांगू नये, तारीख सांगावी.

तारखेसाठी मी माझी त्या वर्षाची दैनंदिनी काढली. कलम १५९ प्रमाणे साक्षीदाराला त्याच वेळी स्वतः केलेली नोंद पाहून स्मृती ताजी करता येते. नोंद सापडली. भाऊजींचे आगमन, पंगत, सारे त्यात आहे. त्याखाली आणखी एक ओळ होती: रात्री भाऊजी पैशाच्या ओढाताणीविषयी बोलले, मला काही देणे जमले नाही.

कलम १६१ सांगते की अशी नोंद विरुद्ध पक्षाला दाखवावी लागते, आणि त्यावर तो उलटतपासणी करू शकतो. जी नोंद भाऊजी दिल्लीत होते असे सांगते, तीच त्यांना पैशाची निकड होती असेही सांगते. दैनंदिनी घरी ठेवून केवळ आठवणीवर बोलणे शक्य होते. मी दोन रात्री तसा विचार केला, हे लपवत नाही. शेवटी ताईला दूरध्वनी केला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग भाऊजींनी फोन घेतला. ते म्हणाले, “पान खरं आहे ना? मग घेऊन या. अर्धं खरं आणलंत, तर उरलेलंही खोटं ठरेल.”

नियमांची बाजूही पाहिली. केंद्रीय सेवा वर्तणूक नियमांतील दहावा नियम चौकशी समित्यांपुढे साक्षीस पूर्वपरवानगी मागतो, परंतु न्यायालयीन चौकशीतील साक्षीला त्यातून वगळतो. तरीही वरिष्ठांना लेखी कळवले आहे व स्वतःची रजा टाकली आहे. साक्षीत पदाचा उल्लेख विचारला तरच करीन. नाते मात्र पहिल्याच उत्तरात सांगणार आहे.

कौटिल्याने मेहुण्याला बाहेर ठेवले, त्यात मेहुण्याची एक सोय होती. त्याला स्वतःला तोलून घ्यावे लागत नसे. स्टीफनच्या कायद्याने आम्हांला आत घेतले, आणि तराजू समोर ठेवला. दैनंदिनी बॅगेत भरून ठेवली आहे.