तीनशे जीबी आणि तालमीसाठी काढलेली एक प्रत

मागच्या आठवड्यात लॅबमधल्या नवीन ज्युनिअरने सहज विचारलं, "ताई, साइटवर अपडेट आलंय, मारू का?" मी जवळजवळ ओरडलेच, "हात लावू नकोस!" बिचारा घाबरला. नंतर त्याला चहा पाजून जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतेय, थोडं सविस्तर आणि थोडं इतिहासात शिरून.

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर एक गोष्ट लिहून ठेवा. कधी ना कधी एखादी वेबसाइट तुमच्या गळ्यात पडणारच आहे. लॅबचं पान, परिषदेची नोंदणी, माहिती गोळा करायचा फॉर्म, काहीही. गाइड म्हणतात, "तुम्ही तरुण मुलं, तुम्हाला जमतं हे." सेट-नेटच्या अभ्यासक्रमात यातलं काही नसतं. मग आपण यूट्यूबवर बघून शिकतो आणि सगळीकडे दोन सल्ले ऐकतो: बदल करण्याआधी बॅकअप घ्या, आणि शक्य असेल तर स्टेजिंगवर करून बघा. स्टेजिंग म्हणजे चालू साइटची हुबेहूब दुसरी प्रत. ती लोकांना दिसत नाही, बदल आधी तिथे करायचा. नाटकवाल्यांची रंगीत तालीम असते ना, कपडे-प्रकाश-नेपथ्यासकट, तसंच.

बहुतेक जण हे दोन वेगळे सल्ले समजतात. पहिला सक्तीचा, दुसरा हौसेचा. मीही तसंच समजत होते. ही समजूत कशी चुकीची आहे ते वेबच्या छोट्याशा इतिहासात फार स्पष्ट दिसतं.

सुरुवात अगदी पहिल्या पानापासून करू. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत, नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर, जगातलं पहिलं वेब पान उभं केलं. ते पान मूळ रूपात आज कुणाकडेही नाही. कारण साधं आहे. पान बदलायचं म्हणजे तीच फाइल उघडायची, बदल करायचा, सेव्ह करायची. जुनं गेलं, नवं आलं. सर्नकडे बरीच वर्षं सगळ्यात जुनी प्रत होती ती १९९२ ची. २०१३ मध्ये त्यांनी पहिली साइट पुन्हा उभी करायचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले पॉल जोन्स पुढे आले. १९९१ मध्ये बर्नर्स-ली तिकडे गेले असताना त्यांनी जोन्सना पानाची प्रत दिली होती, आणि ती जोन्स यांच्या नेक्स्ट संगणकावर राहिली होती. म्हणजे आज आपल्याला जे सर्वात जुनं रूप माहीत आहे ते सर्नच्या कुठल्या व्यवस्थेमुळे टिकलेलं नाही, एका भेटीमुळे टिकलंय.

आता एक गंमत बघा. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना जुनी आवृत्ती जपायचं महत्त्व तेव्हा माहीत नव्हतं असं मुळीच नाही. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्येच आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली केली होती. पण ती प्रोग्रामसाठी! वेब पान म्हणजे सूचनाफलक, त्याची कसली आवृत्ती, असाच सगळ्यांचा समज होता. पुढे या सूचनाफलकाच्या मागे डेटाबेस आले, लोकांचं काम त्यात साठायला लागलं, तरी सवय मात्र फलकाचीच राहिली.

याचा सगळ्यात बोलका पुरावा २०१७ चा आहे.

गिटलॅब ही प्रोग्रामर लोकांचं काम सांभाळणारी साइट. तिचे दोन मुख्य डेटाबेस सर्व्हर होते. पहिला खरा चालणारा, दुसरा त्याची सतत नक्कल करत राहणारा. ३१ जानेवारी २०१७ ला संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी (वेळा सगळ्या यूटीसी, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) एका इंजिनिअरने खऱ्या डेटाबेसची एक ताजी प्रत काढून स्टेजिंगवर चढवली. त्याला वेगळीच काही चाचणी करायची होती आणि त्यासाठी ताजा डेटा हवा होता. ही प्रत एरवी चोवीस तासांतून एकदाच निघायची. त्या दिवशी ती मधेच निघाली, केवळ त्याच्या गरजेपोटी. ही वेळ लक्षात ठेवा.

थोड्या वेळाने डेटाबेसवरचा भार वाढला. रात्री अकराच्या सुमारास दुसरा सर्व्हर पहिल्याच्या मागे पडला आणि नक्कल थांबली. उपाय ठरलेला होता: दुसऱ्या सर्व्हरवरचा डेटा पुसायचा आणि पहिल्यावरून नव्याने भरायचा. भरायची कमांड दिली, तर ती नुसतीच गप्प बसली. ना चूक दाखवली, ना काम. इंजिनिअरला वाटलं, आधीची डिरेक्टरी आडवी येत असावी. त्याने ती पुसायची कमांड दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की आपण दुसऱ्या नाही, पहिल्या सर्व्हरवर आहोत. कमांड थांबवली, पण सुमारे ३०० जीबीतले जेमतेम ४.५ जीबी शिल्लक राहिले होते.

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल, कारण मीम्समध्ये एवढीच सांगतात. माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

हरकत नाही, बॅकअप आहे की! रोजचा बॅकअप ॲमेझॉनच्या साठवणीत जायचा. उघडून बघितलं तर तिथे काहीच नाही. का? बॅकअप घेणारा प्रोग्राम जुन्या ९.२ आवृत्तीचा चालत होता आणि डेटाबेस होता ९.६ चा. आवृत्ती जुळत नाही म्हणून तो रोज अपयशी होऊन थांबायचा. मग कुणाला कळलं कसं नाही? अपयशाचे ईमेल जात होते, पण त्यांवर आवश्यक सही नसल्यामुळे ईमेलची सुरक्षा व्यवस्था ते नाकारत होती. क्लाउडवरच्या डिस्कच्या प्रती काढायची सोय होती, पण ती फाइल ठेवणाऱ्या सर्व्हरना लावलेली होती, डेटाबेसच्या सर्व्हरना नाही. आणि नक्कल करणारा दुसरा सर्व्हर तर नुकताच पुसून रिकामा केला होता.

राहिली ती पाच वीसला काढलेली स्टेजिंगची प्रत. तिनेच साइट वाचवली.

स्टेजिंगच्या डिस्क स्वस्तातल्या आणि संथ होत्या, त्यामुळे डेटा परत आणायला सुमारे अठरा तास लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास साइट उभी राहिली. पाच वीसनंतरचं काम मात्र गेलं: सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवे सदस्य. प्रकल्पांमधला मूळ कोड वेगळीकडे होता, तो शाबूत राहिला. आणखी एक बारकावा. स्टेजिंगवर प्रत चढवताना त्यातले वेबहुक, म्हणजे बाहेरच्या सेवांना आपोआप निरोप पाठवणारी जोडणी, मुद्दाम काढून टाकलेले असायचे. तालमीतून खरे निरोप जाऊ नयेत म्हणून. त्यामुळे डेटाबेस आधी वेबहुकशिवाय उभा राहिला. म्हणजे स्टेजिंगने वाचवलं खरं, पण ते बॅकअपच्या कामासाठी बनवलेलंच नव्हतं.

संशोधनाच्या अंगाने इथे जरा थांबू या. गिटलॅबने हे सगळं घडत असतानाच एक उघडी नोंदवही ठेवली होती, कुणीही वाचावी अशी. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. काही दिवसांनी सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. तुम्हाला साधन-चिकित्सा शिकायची असेल तर हे दोन्ही समोरासमोर ठेवून वाचा. घाईत लिहिलेल्या नोंदीत धक्का आहे आणि जे दिसतंय ते तसंच्या तसं आहे. अहवालात "हे का झालं, आणि ते का झालं" अशी उतरंड आहे. ती उतरंड चुकलेल्या इंजिनिअरपाशी थांबत नाही, आणि हे मला फार आवडलं. बॅकअप नियमित तपासला का जात नव्हता, या प्रश्नाचं त्यांचं उत्तर असं की ते काम कुणाच्याच नावावर नव्हतं. आपल्याकडच्या कितीतरी लॅबमध्ये हेच वाक्य भिंतीवर लावता येईल.

तर, बॅकअप खोटा ठरला आणि स्टेजिंग खरं, हे कशामुळे? माझं म्हणणं असं: स्टेजिंगच्या प्रतीचं कुणाला तरी काम होतं. ती उघडली जात होती, चालवली जात होती, बिघडली तर लगेच ओरड झाली असती. बॅकअपची फाइल कुणीच उघडत नव्हतं. बॅकअप घ्यायचा तो परत उभा करून बघण्यासाठी, आणि उभा करून बघायची जागा म्हणजेच स्टेजिंग. सल्ले दोन नाहीत, एकच आहे.

बदल करताना सावध राहायचं ते मुख्य साइटपुरतं, बॅकअपच्या यंत्रणेत काय बिघडणार, असं वाटत असेल तर क्योटो विद्यापीठाचं उदाहरण बघा. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या महासंगणकाच्या साठवणीतल्या सुमारे ७७ टीबीच्या साधारण ३ कोटी ४० लाख फाइल पुसल्या गेल्या. कारणीभूत होता बॅकअपचाच प्रोग्राम. यंत्रणा पुरवणाऱ्या हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने तो सुधारून नवा चढवला, पण जुना त्या वेळी चालू होता. असे प्रोग्राम ओळीओळीने वाचत चालतात; मधेच फाइल बदलल्यामुळे अर्ध्यातून नवं वाचलं गेलं, जागेचं नाव रिकामं राहिलं, आणि जुने लॉग पुसायची कमांड संशोधकांच्या फाइलींवर चालली. १४ संशोधन गटांना फटका बसला, त्यातल्या ४ गटांचा डेटा परत मिळण्यासारखाच नव्हता. कंपनीने संपूर्ण जबाबदारी स्वीकारली. त्या चार गटांतल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

कारण तीन वर्षांपूर्वी, अगदी लहान प्रमाणात, हे मीच केलंय. आमचं काम माण तालुक्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीवर आहे. गावातले निरीक्षक साइटवरच्या फॉर्ममध्ये रोजची पातळी भरतात. मी एका रविवारी अपडेट मारायला बसले. बॅकअप घेतला होता हो! सर्व्हरवरचा अख्खा फोल्डर उतरवून घेतला होता. पण वर्डप्रेसमध्ये फोल्डरात फोटो, थीम आणि प्लगिन असतात. मजकूर आणि फॉर्मच्या नोंदी डेटाबेसमध्ये असतात. तो मी घेतलाच नव्हता. अपडेट अर्ध्यात अडकलं, नोंदींचं टेबल बिघडलं. सर्व्हरवाल्यांकडे प्रत होती ती एकोणीस दिवसांपूर्वीची. रडवेल्या आवाजात एका निरीक्षक काकांना फोन केला, तर ते म्हणाले, "अहो मॅडम, वहीत लिहितो की मी आधी. फोटो पाठवू का?" सगळ्यांच्या वह्या नव्हत्या. प्रबंधातल्या एका आलेखात आजही तीन विहिरींच्या रेषा मधे तुटलेल्या आहेत, आणि तळटीपेत कारण दिलंय.

म्हणून आता आमच्याकडे पद्धत अशी आहे. फोल्डर आणि डेटाबेस दोन्ही उतरवायचे, एक प्रत सर्व्हरबाहेर. मग त्याच बॅकअपमधून स्टेजिंग उभं करायचं, चालू साइटवरून थेट नक्कल करून नाही. उभं राहिलं तर बॅकअप खरा. तुमच्या लॅपटॉपवर केलं तरी चालतं. डॉट टेस्ट हा पत्त्याचा शेवट १९९९ पासून अशा कामासाठी राखून ठेवलेला आहे, त्यामुळे खऱ्या साइटशी गल्लत होत नाही. सर्व्हरवर करत असाल तर पासवर्ड लावा, गूगलला बंदी करा, बाहेर जाणारे ईमेल बंद करा आणि लोकांचे फोन नंबर त्या प्रतीतून काढा. पत्ता बदलताना डेटाबेसमध्ये नुसतं शोधा-आणि-बदला करू नका. वर्डप्रेस काही ठिकाणी शब्दाची लांबीही मोजून ठेवतो, ती जुळली नाही की सेटिंग उडतात. त्यासाठीची वेगळी साधनं मिळतात.

आणि जिथे हुशार लोकही फसतात ती गोष्ट: तालीम झाल्यावर स्टेजिंगचा डेटाबेस खऱ्या साइटवर चढवू नका. तुम्ही दोन दिवस चाचणी करत होतात तेव्हा खऱ्या साइटवर नव्या नोंदी आल्या आहेत, त्या पुसल्या जातील. बदलांची यादी लिहून ठेवा आणि तेच बदल, ताजा बॅकअप घेऊन, खऱ्या साइटवर पुन्हा करा. कंटाळवाणं आहे, मान्य.

ज्युनिअरने परवा पहिल्यांदाच स्टेजिंग उभं केलं. अपडेटनंतर फॉर्ममधली तारीख महिना-दिवस अशी उलटी दिसायला लागली, म्हणजे ३ एप्रिलची नोंद ४ मार्चची झाली असती. सध्या तो त्यावर बसलाय. खऱ्या साइटवर आज सकाळच्या चौदा विहिरींच्या नोंदी आल्यात, अपडेट अजून मारलेलं नाही.