हॅचची गळती : पाणी अडवण्याचे आणि वाटेला लावण्याचे तंत्र

शिडाच्या जहाजाच्या डेकमध्ये माणसांना व मालाला खाली जाता यावे म्हणून ठेवलेल्या चौकोनी तोंडाला, आणि त्यावरील झाकणालाही, हॅच म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय मालवाहू जहाजांवर या तोंडाभोवतीच्या कोमिंगवर, म्हणजे उभ्या उंच काठावर, फळ्या टाकून त्यांवर ताडपत्री पसरत, तिच्या कडा लोखंडी पट्ट्यांनी काठाशी दाबत आणि पट्ट्यांमागे लाकडी पाचरी ठोकीत. प्रवासात सहसा न उघडायच्या झाकणाला हा बळाचा उपाय पुरे. यॉटवर, म्हणजे हौशी प्रवासाच्या लहान नौकेवर, तेच झाकण दिवसातून अनेकदा उघडावे लागे आणि उन्हात आकसणारे, पाण्यात फुगणारे लाकूड त्याची घट्ट बैठक दर ऋतूला बिघडवीत असे.

विसाव्या शतकात उत्तर निघाले ते वेगळ्याच विचाराने: पाणी अडवण्याऐवजी त्याला वाटेला लावायचे. 1930 मधील 'डोराड' या अमेरिकन यॉटच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वायुवीजनाच्या पेटीत हवेबरोबर आलेले पाणी तळाच्या छिद्रांतून डेकवर परत जाते आणि हवा तेवढी उभ्या नळीतून केबिनमध्ये उतरते. इंग्लंडमध्ये 'यॉटिंग मंथली'चे संपादक व नौकारचनाकार मॉरिस ग्रिफिथ्स यांच्या नावाने रूढ झालेली हॅच याच तत्त्वाची आहे: तिला एकात एक असे दोन काठ असतात, आणि बाहेरचा काठ ओलांडणारे पाणी मधल्या पन्हळीतून छिद्रांवाटे बाहेर पडते, त्यामुळे झाकण तंतोतंत बसण्याची गरजच उरत नाही. सुताराच्या कसबापेक्षा पाण्याच्या स्वभावावर भिस्त ठेवणारी ही रचना सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागते.

फायबरग्लासच्या नौकांबरोबर ॲल्युमिनियमची चौकट, ॲक्रिलिकचा पारदर्शक पत्रा आणि रबरी पट्टी आली आणि पुन्हा पाणी अडवण्यावरच भर आला. ॲक्रिलिक तापल्यावर ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते, त्यामुळे दोहोंमधील सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लवचिक लेप, वर्षानुवर्षे ताणला जाऊन सुटतो. शिवाय अनेक डेकांच्या गाभ्यात बाल्सा हे हलके लाकूड असल्याने स्क्रूच्या छिद्रांतून शिरलेले पाणी आतल्या आत पसरते व भलत्याच ठिकाणी ठिबकते. म्हणून जाणते कारागीर पत्रा काढून जुना सीलंट खरवडतात, नव्या सीलंटला ताणायला वाव राहील इतकी फट ठेवतात आणि स्क्रूची छिद्रे मोठी करून, इपॉक्सीने भरून, पुन्हा पाडतात. वरून सीलंटचा आणखी एक थर फासणे ही दुरुस्ती नव्हे. त्याने आत शिरलेल्या पाण्याची परतीची वाट बंद होते आणि बाल्सा कुजतो.