हरिश्चंद्राच्या कारखान्यातली माणसे

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली दादरला ‘राजा हरिश्चंद्र’चे काम सुरू केले, तेव्हा कॅमेऱ्याइतकीच मोठी अडचण होती ती माणसांच्या इभ्रतीची. सिनेमात काम करतो असे कोणाला सांगायची सोय नव्हती. शेजारीपाजारी नाक मुरडत, सोयरिकी मोडण्याची भीती असे. यावर फाळक्यांनी काढलेला तोडगा पुष्कळदा सांगितला जातो: कुठे कामाला आहात असे कोणी विचारले, तर ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात’ असे उत्तर द्यायचे. २००९ साली परेश मोकाशी यांनी आपल्या चित्रपटाला नाव दिले तेही याच हकिकतीवरून. भारतातल्या सिनेधंद्याने बदनामीला दिलेले हे पहिले उत्तर. धंदा तोच, पाटी मात्र दुसरी.

ही बदनामी सिनेमाने स्वतः कमावलेली नव्हती. ती नाटकाकडून वारशाने आली होती. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ झाले, तेव्हापासून मराठी रंगभूमीवर बायकांची कामे पुरुष करीत. रंगाला लागलेली बाई म्हणजे घर सुटलेली बाई, असा समज पक्का होता. फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना. जाहिराती देऊन झाल्या, नाचगाण्याच्या वस्त्यांत विचारून झाले, आणि अखेर ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात चित्रपट लागला. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघी पडद्यावर आल्या. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या राहत होत्या आणि फिरत्या नाटकमंडळीत होत्या. समाजाने टाकायचे ते आधीच टाकून झाले होते. पडद्यावर पहिले पाऊल टाकायला त्याच मोकळ्या होत्या.

फाळक्यांचे दुसरे उत्तर अधिक उघड होते. १९१७ साली त्यांनी ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली. तिच्यात आपल्या खटपटीची हकिकत सांगताना त्यांनी चित्रपटाला स्वदेशीच्या रांगेत बसवले. देशी कापडाची गिरणी आणि काड्यापेट्यांचा कारखाना जर देशसेवा, तर देशी चित्रपटही देशसेवाच. टिळकांच्या पुण्यात आणि फाळक्यांच्या नाशकात हा युक्तिवाद पटण्यासारखा होता. पण स्वदेशी म्हटल्याने भांडवलदार पुढे आले, तरी कुळीन घरातली मुलगी आली नाही. मालाची प्रतिष्ठा आणि माल तयार करणाऱ्या माणसांची प्रतिष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या धंद्याला पुढेही वारंवार कळत गेले.

धंद्याला आपली बाजू सरकारदरबारी मांडण्याची पहिली मोठी संधी १९२७ साली मिळाली. हॉलिवूडच्या चित्रपटांमुळे हिंदी प्रेक्षकांच्या मनातली गोऱ्यांची पत घसरते, अशी ओरड चालू होती, आणि ब्रिटिश चित्रपटांना बाजार हवा होता. सरकारने टी. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने ४,३२५ प्रश्नपत्रिका पाठवल्या आणि ३५३ साक्षीदार तपासले. निर्माते, थिएटरवाले, वितरक, शिक्षक, पोलीस, धर्मोपदेशक असे सगळे एकाच टेबलापुढे येऊन गेले. गांधीजींनीही उत्तर पाठवले: आपण कधी सिनेमा पाहिलेला नाही, पण त्याने केलेले आणि होत असलेले नुकसान बाहेरच्यालाही दिसते, असा त्याचा आशय होता. १९२८ च्या अहवालात समितीने सिनेमावरच्या नैतिक आरोपांना फारसा आधार मानला नाही. देशी निर्मितीला कर्जाऊ मदत द्यावी असे सुचवले आणि साम्राज्यातल्या मालाला झुकते माप देण्याची कल्पना नाकारली. सरकारला हवे होते ते हे नव्हतेच. अहवाल कपाटात गेला. निर्दोष ठरूनही धंद्याच्या हाती काही लागले नाही.

मग धंद्याने वाद सोडून माणसे बदलण्याचा मार्ग धरला. त्याची सुरुवात मात्र फसली. १९३१ साली मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’मध्ये दुर्गा खोटे यांनी लहानशी भूमिका केली. मुंबईतल्या लाड घराण्यात जन्मलेल्या, सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेल्या दुर्गाबाईंना पैशाची निकड होती आणि निर्मात्याला घराण्याच्या नावाची. जाहिरातीत माहेर आणि सासर दोन्ही नावे वापरली गेली. चित्रपट सुमार निघाला आणि दोन्हीकडे बोभाटा झाला. प्रतिष्ठित नाव नुसते पोस्टरवर चढवले की धंदा प्रतिष्ठित होतो, हा हिशेब चुकीचा होता.

तो दुरुस्त केला ‘प्रभात’ने. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात ही कंपनी काढली. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त दुर्गाबाई तारामती झाल्या, गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र. साळुंक्यांनी वीस वर्षांपूर्वी नेसलेले लुगडे आता एका सुशिक्षित घरातल्या स्त्रीने नेसले होते, आणि या वेळी चित्रपटही चांगला होता. १९३३ साली कंपनी पुण्याला आली. महिन्याचा पगार आणि ठरलेल्या वेळा यांमुळे प्रभात स्टुडिओची ख्याती एखाद्या शिस्तीच्या शाळेसारखी झाली. घरातल्या मोठ्यांनी पोराला तिथे धाडायला हरकत घेऊ नये, अशी ती व्यवस्था होती. ‘कारखाना’ हा शब्द फाळक्यांनी आडोसा म्हणून वापरला. प्रभातने तो खरा करून दाखवला.

संतपटांचा त्यात वाटा मोठा. १९३५ साली बालगंधर्वांना एकनाथांच्या भूमिकेत घेऊन काढलेल्या चित्रपटाचे ‘महात्मा’ हे नाव सेन्सॉरला खटकले आणि ते ‘धर्मात्मा’ करावे लागले. १९३६ चा ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षभराहून अधिक चालला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. जे वारकरी घराणे तमाशाच्या फडाकडे ढुंकून बघत नसे, ते बैलगाड्या जुंपून तुकाराम बघायला गेले. सिनेमा वाईट म्हणणाऱ्याला याहून अवघड उत्तर दुसरे नव्हते.

तरी या उत्तरात एक खोट होती. कुळीन बायका येतात म्हणून धंदा चांगला, असे म्हणताना आधी आलेल्या बायका वाईट होत्या हे टीकाकारांचे म्हणणे धंद्याने मुकाट्याने मान्य केले. नाटकमंडळ्यांतून, तमाशाच्या फडांतून, गोव्याच्या कलावंत घराण्यांतून आलेल्या ज्या स्त्रियांनी गाणे आणि अभिनय पडद्यावर आणला, त्यांच्या बाजूने कोणी उभे राहिले नाही. पडद्याआडच्या वागणुकीचाही प्रश्न तसाच राहिला. १९३९ साली ‘कुंकू’ची नायिका शांता आपटे कराराच्या वादावरून प्रभातच्या दारातच उपोषणाला बसल्या, आणि पुढच्या वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्यात कामगार आणि कलावंत कसे पिळले जातात ते त्यांनी मांडले. सनातन्यांना उत्तर देण्याची तयारी धंद्याने पंचवीस वर्षे केली होती. आपल्याच नायिकेला काय सांगायचे, याची तयारी नव्हती.

त्याच १९३९ साली मुंबईत भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव झाला. गांधीजींनी जुगार, सट्टा आणि घोड्यांच्या शर्यती यांच्या पंगतीला सिनेमाही बसवला होता. ऑक्टोबरात बाबुराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’त ख्वाजा अहमद अब्बास यांनी गांधीजींना अनावृत पत्र लिहिले. त्याचा सूर मुलाने बापाशी बोलावे तसा आर्जवी होता. वाईट चित्रपट निघतात हे मान्य करून, चांगल्या चित्रपटांची नावे पुढे ठेवून, या साधनाकडे एकदा तरी पाहावे अशी विनंती त्यात होती. या धंद्याच्या वतीने लिहिलेले हे बहुधा सर्वांत चांगले निवेदन. ते लिहिणारा माणूस निर्माता नव्हता, वृत्तपत्रातला समीक्षक होता, हेही त्याच्या ताकदीचे कारण असावे. गांधीजींचे मत पालटले नाही. १९४४ साली जुहूला मुक्कामी असताना त्यांनी विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ थोडा वेळ पाहिला, तेवढेच.

स्वातंत्र्यानंतर टीकाकार सरकारातच जाऊन बसले. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर हे शास्त्रीय संगीताचे कैवारी. १९५२ पासून आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात, असे आकाशवाणीचे म्हणणे. नाव वगळल्यावर निर्मात्यांनी प्रक्षेपणाची परवानगीच काढून घेतली. वाद घालत बसण्याऐवजी गाणी रेडिओ सिलोनकडे वळली, श्रोते त्यांच्यामागे गेले, आणि १९५७ साली विविध भारती काढून आकाशवाणीला मागे फिरावे लागले. १९५४ साली दिल्लीतल्या १३,००० गृहिणींनी सिनेमामुळे मुले बिघडतात असे निवेदन पंतप्रधान नेहरूंना दिले. त्याच वर्षी सरकारने चित्रपटांना पारितोषिके द्यायला सुरुवात केली आणि पहिले राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले ते आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला. मुले बिघडवणाऱ्या माध्यमाचा पहिला सरकारी मानकरी साने गुरुजींच्या पुस्तकावरचा चित्रपट असावा, हा योगायोग धंद्याच्या पथ्यावर पडला. १९५५ साली दिल्लीत देविका राणी यांच्या पुढाकाराने चित्रपटविषयक परिसंवाद भरला, त्याचे उद्घाटन नेहरूंनी केले.

उद्योग म्हणून सरकारी मान्यतेची घोषणा व्हायला १९९८ साल उजाडले. तोवर बँका या धंद्याला दारात उभे करीत नसत. पुढे वृत्तवाहिन्यांचा काळ आला आणि टीकेला चोवीस तासांचे व्यासपीठ मिळाले. ऑक्टोबर २०२० मध्ये ३४ निर्मितिसंस्था आणि ४ संघटनांनी एकत्र येऊन दोन वृत्तवाहिन्यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. साऱ्या चित्रपटसृष्टीला गुन्हेगार ठरवणारी भाषा थांबवावी, ही त्यांची मागणी होती. आपसात स्पर्धा करणाऱ्या इतक्या संस्थांची नावे एका अर्जावर येणे या धंद्यात क्वचितच घडले होते.