नाडीवरचं बोट

ऑपरेशन ठरलं की आमच्या साकोलीकडे पहिला प्रश्न, "डॉक्टर कोण?" म्हणजे कापणारा कोण. भूल देणारा कोण, हे सहसा कुणी विचारत नाही. खरं तर आपण टेबलावर झोपलेले असताना आपल्या श्वासाची राखण तोच करत असतो. ही राखण माणूस कशी शिकला, त्याचा इतिहास मोठा रंजक आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग झाला. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणला. आणि २८ जानेवारी १८४८ ला इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्मखाली दगावली. ऑपरेशन कसलं, तर पायाच्या अंगठ्याचं नख काढायचं!

तेव्हापासून वाद सुरू झाला. क्लोरोफॉर्मने आधी हृदय थांबतं की श्वास? लंडनवाले म्हणत, नाडीवर बोट ठेवा. एडिंबरोवाले म्हणत, नाडी सोडा, श्वास बघा.

हा वाद मिटवायचा प्रयत्न झाला कुठे, तर निजामाच्या हैदराबादेत! (तेव्हा आपला मराठवाडाही त्याच राज्यात होता.) तिथले सर्जन एडवर्ड लॉरी एडिंबरो पंथाचे. त्यांनी १८८८ मध्ये क्लोरोफॉर्म कमिशन बसवलं. 'लॅन्सेट'ला निकाल पटला नाही, म्हणून १८८९ मध्ये दुसरं कमिशन बसलं. निजामाने १००० पौंड दिले, लॅन्सेटने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठवलं. शेकडो कुत्र्या-माकडांवर प्रयोग झाले आणि निकाल पुन्हा तोच. श्वासच आधी थांबतो.

निकाल अर्धाच खरा होता. १९११ मध्ये लेव्ही यांनी दाखवून दिलं, की भूल हलकी असतानाही हृदय अचानक नुसतं थरथरू लागतं आणि खेळ संपतो. म्हणजे श्वासही बघायचा आणि नाडीही. 'हे की ते' हा प्रश्नच चुकीचा होता.

दरम्यान १८९४-९५ च्या सुमारास बोस्टनमध्ये कुशिंग आणि कॉडमन या दोन तरुणांनी ऑपरेशन चालू असताना नाडी-श्वास कागदावर उतरवायला सुरुवात केली होती. साधी गोष्ट, पण त्यामुळे रोगी कुठे बिघडायला लागला ते दिसू लागलं.

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींचं अपेंडिक्स काढलं. मध्येच वीज गेली आणि ऑपरेशन कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. त्या काळी भूल देणाऱ्याची मुख्य भिस्त स्वतःच्या बोटावर, डोळ्यांवर, कानांवर. विचार केला तरी अंगावर काटा येतो...

मग १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व शोधलं. बोटातून उजेड पाठवायचा आणि रक्तातला ऑक्सिजन ओळखायचा. कोरोनात घरोघरी आलेला तो चिमटा हाच. ओठ निळे पडण्याआधीच तो ओरडतो.

पण यंत्र फक्त आत्ता काय चाललंय ते सांगतं. धोका कुठून येईल ते आधी विचारावं लागतं. मागे आमच्या मामांच्या हर्नियाच्या ऑपरेशनआधी भुलीच्या डॉक्टरांनी खर्रा किती, जिना चढताना दम लागतो का, दात हलतात का, सगळं विचारलं. तोंड उघडायला लावून घसा पाहिला. (श्वासनळीत नळी घालणं कठीण जाईल का, हे ओळखायची ही पद्धत मल्लमपती या आपल्या आंध्रच्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये मांडली.) मामा वैतागले, "दुखणं पोटात, अन् हे दात मोजून राहिले!"

पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच. अशा माणसाला भुलेत ऑक्सिजन कमी पडला, अंग गार पडलं किंवा पाणी कमी झालं, तर जिवावर बेतू शकतं. म्हणून ती तपासणी टाळू नये.

तेव्हा नातेवाईक मंडळी, एक विनंती. खर्रा, दारू, चालू गोळ्या, शेवटचं कधी खाल्लं, काही लपवू नका. "एक कप चहाच तर घेतला" हेसुद्धा सांगा. आणि भूल कोण देणार, हेही विचारत चला!