अमेरिकन घराचा सातबारा

आपल्या बे एरियातल्या कुठल्याही पॉटलकला जा, गप्पांची गाडी दोन स्टेशनांवर हमखास थांबते. एक ग्रीन कार्ड आणि दुसरं, "काय रे, रेंटल प्रॉपर्टी घेतलीस की नाही?" मी कॉम्प्युटर इंजिनियर, दिवसभर दुसऱ्यांच्या डेटाबेसमधल्या चुका शोधणारा. गुंतवणुकीत मात्र अगदी नवशिका. ग्रीन कार्ड हातात पडल्यावर बायको म्हणाली, "नुसत्या गप्पा पुरे, एखादं घर बघूया तरी!"

झालं, एक्सेल उघडलं. दोन बिऱ्हाडांचं ड्युप्लेक्स घर नुसतं भाड्यानं द्यायचं तर साधारण २५ टक्के रक्कम आपली लागते. पण एका भागात स्वतः किमान वर्षभर राहणार असाल, तर एफएचएच्या कर्जात साडेतीन टक्क्यांवरही भागतं. फेड मात्र ३० वर्षं! भाडं, टॅक्स, विमा, दुरुस्ती, रिकामे जाणारे महिने असे रकाने भरले. शेवटी 'एरिया' असा एक रकाना केला आणि मित्रांच्या ऐकीव माहितीवर त्यात रंग भरले. चांगला तो हिरवा, बरा तो पिवळा, "तिकडे नको रे बाबा" तो लाल.

मग डोक्यात किडा वळवळला. हे आकडे मुळात आले कुठून?

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतही सामान्य माणसाला घर घेणं सोपं नव्हतं. जवळजवळ निम्मी रक्कम आधी भरा, तीन-पाच वर्षं बहुतेक नुसतं व्याज द्या आणि मुदत संपली की सगळं मुद्दल एकदम फेडा, नाहीतर नवं कर्ज काढा. १९२९ च्या मंदीत बँकाच बुडू लागल्या, नवं कर्ज देणार कोण? १९३३ मध्ये रोज सुमारे हजार घरांवर जप्ती येत होती. त्या वर्षी रूझवेल्ट सरकारनं होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं. त्यानं सुमारे दहा लाख घरमालकांची कर्जं स्वतःकडे घेऊन १५ वर्षांच्या हप्त्यांत बसवली. १९३४ मध्ये एफएचए आली. ती स्वतः कर्ज देत नाही, बँकेनं दिलेल्या कर्जाचा विमा उतरवते. त्यामुळे २० टक्के भरून २० वर्षांत फेडायची सोय झाली. १९३८ मध्ये आलेली फॅनी मे बँकांकडून ही कर्जं विकत घेऊ लागली, म्हणजे बँकेकडे पुन्हा वाटायला पैसा आला. पुढे १९४८ मध्ये नव्या आणि १९५४ मध्ये जुन्या घरांसाठी मुदत ३० वर्षांपर्यंत गेली. आपला हप्ता या साखळीतून आलेला आहे.

इथपर्यंत वाचून मी खूश होतो. पुढचं वाचलं आणि गप्प झालो.

त्याच होम ओनर्स लोन कॉर्पोरेशननं १९३५ ते १९४० या काळात दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे काढले. उत्तम वस्ती हिरवी, मग निळी, पिवळी आणि 'धोक्याची' ती लाल. कृष्णवर्णीय वस्ती म्हटली की लाल रंग जवळपास ठरलेलाच. एफएचएच्या १९३८ च्या नियमपुस्तकात तर वंश पाहून घर विकण्याच्या अटी खरेदीखतात घालाव्यात अशी शिफारसच होती. ओकलंडचा १९३७ चा नकाशा आज इंटरनेटवर बघता येतो. तो मी माझ्या एक्सेलशेजारी उघडला. रंग बरेचसे तेच!

भारतात फोन केला तेव्हा बाबांचा एकच प्रश्न. "सातबारा, फेरफार नीट बघितलास का?" मी हसलो. पण आम्ही हिरव्या रकान्यातल्या एका घरासाठी ऑफर दिली आणि टायटल कंपनीचे कागद आले, त्यात १९२० च्या दशकातला एक करार निघाला. गोऱ्यांखेरीज कुणी इथे राहू नये, नोकर म्हणून राहिल्यास चालेल. वर शिक्का, की ही अट बेकायदा आणि रद्द आहे. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशा अटींची अंमलबजावणी थांबवली आणि १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानं घरांबाबतचा असा भेदभावच बेकायदा ठरवला. तरी वाचताना पोटात गोळा आला. त्या काळी मी तिथे फार तर स्वयंपाकी म्हणून राहिलो असतो.

हे आपल्या लोकांच्या वाट्याला आलेलंच आहे. पेशावरहून १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आलेले व्यापारी वैष्णो दास बगई यांनी बर्कलीत घर घेतलं. ते, पत्नी कला आणि मुलं सामान घेऊन पोचले, तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप लावलेलं! १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात भारतीय 'गोरे' नाहीत असा निकाल लागला. बगईंचं नागरिकत्व गेलं, कॅलिफोर्नियाच्या जमीन कायद्यामुळे मालमत्ता विकावी लागली. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. २०२० मध्ये बर्कली शहरानं एका रस्त्याला कला बगईंचं नाव द्यायचं ठरवलं.

हिरव्या रकान्यातल्या घराचा पाया इन्स्पेक्शनमध्ये तडकलेला निघाला, म्हणून ते सोडलं. मग 'एरिया' हा रकानाच पुसून टाकला आणि लाल ठरवलेल्या ड्युप्लेक्सच्या गल्लीत दोन शनिवार पायी हिंडलो. छप्पर, पाया, आजूबाजूची भाडी, शेजारी सगळं स्वतः पाहिलं. हिशेब जुळला. एफएचएचं कर्ज काढलं. आज वरच्या मजल्यावर आम्ही राहतो आणि खाली भाडेकरू.

यंदा ऑफिसातल्या एका एच-वन मित्राला हाच मार्ग सांगायला गेलो, तर कळलं की मे २०२५ पासून ग्रीन कार्ड नसलेल्या व्हिसाधारकांना एफएचएचं नवं कर्ज मिळत नाही. साध्या बँक कर्जाची वाट त्याला उघडी आहे, पण साडेतीन टक्क्यांची नाही.

तेव्हा मित्रहो, घर बघायला निघालात तर व्याजाचा दर जरूर बघा. पण रंग दुसऱ्याच्या सांगण्यावरून भरू नका, आणि कागद मागेपर्यंत वाचा. बाबांचं बरोबर होतं, सातबारा इथेही असतो.