मैना जाईल कुठं?

आज तुम्हाला एका जुन्या सिनेमाचा इतिहास सांगणार आहे. पण सुरुवात आमच्या बचत गटापासून करते.

मागच्या महिन्यात आमच्या एका गटात सभासद होण्यासाठी एका बाईनं विचारलं. ती कोण, कुठली, हे मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की तिचं पूर्वीचं आयुष्य शरीरविक्रीच्या धंद्यात गेलं होतं आणि हे गटातल्या दोघी-तिघींना ठाऊक होतं. बैठकीत एकदम शांतता पसरली. कुणी रजिस्टरमध्ये डोकं घातलं, कुणाला घरचं काम आठवलं. मी समन्वयक, पण मीसुद्धा गप्प बसले. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

त्या रात्री मला आठवला 'माणूस'. बी. ए. ला असताना पाहिला होता, तेव्हा प्रेमकथा म्हणून आवडला होता. म्हटलं, सगळ्या मिळून पुन्हा पाहू. रविवारी दुपारी एका ताईच्या घरी मोबाइल टीव्हीला जोडला, चिवड्याची परात मधे ठेवली आणि आम्ही बारा जणी बसलो.

'माणूस' १९३९ सालचा. प्रभात फिल्म कंपनीनं काढलेला, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला. प्रभात १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. १९३७ मध्ये त्यांनी 'कुंकू' काढला. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली मुलगी त्यात हे लग्न मानायला नकार देते. दोन वर्षांनी 'माणूस' आला. हिंदीत तोच 'आदमी' नावानं निघाला.

त्याआधी १९३५ मध्ये शरच्चंद्रांच्या कादंबरीवरचा 'देवदास' आला होता. प्रेम मिळालं नाही म्हणून दारू पिऊन मरणारा नायक देशभर गाजला होता. शांतारामांना ते पटलं नव्हतं. प्रेमापायी जीव देण्यापेक्षा आपलं काम करत जगावं, हे त्यांना सांगायचं होतं. 'माणूस' हे त्यांचं 'देवदास'ला उत्तर होतं, असं सिनेमाचे अभ्यासक म्हणतात.

गोष्ट अशी. गणपत हा साधा पोलीस शिपाई. कोठ्यावर धाड पडते, तेव्हा तो मैना नावाच्या मुलीला वाचवतो. दोघांचं प्रेम जमतं. गणपतचं काम शाहू मोडक यांनी केलं. पुढच्याच वर्षी तेच प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ज्ञानेश्वर झाले. मैना झाल्या शांता हुबळीकर. कोठ्यावरचं त्यांचं गाणं अनेक भाषांतल्या कडव्यांचं आहे आणि ते आजही लोकांच्या ओठांवर आहे. ते सुरू झालं तसं आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या आजी म्हणाल्या, "माही माय हे गाणं गुणगुणे, पण बाबा घरात आले का चूप होऊन जाये."

दुसरा एक प्रसंग पाहताना आमच्या खोलीतली कुजबुज थांबली. गणपत मैनेला आपल्या घरी आईकडे नेतो. म्हातारी आई भाविक आणि भोळी, सून आली म्हणून हरखून जाते. पण मैनेचंच मन तिला खातं. या देवघरासमोर उभं राहायची आपली लायकी नाही, असं वाटून ती निघून जाते. पुढे तिच्या कमाईवर जगणाऱ्या दुष्ट मामाचा खून तिच्या हातून होतो. ती तुरुंगात जाते. गणपत सोडवायला तयार असतो, पण ती नको म्हणते. गणपत जीव द्यायला निघतो, मग सावरतो आणि पुन्हा कामावर रुजू होतो.

सिनेमा संपला. कॉलेजात मी इथे गणपतसाठी रडले होते. या वेळी आजींनी मला विचारलं, "तो तं ड्यूटीवर गेला. पण तिनं जावं कुठं वो?"

मैत्रिणींनो, सिनेमाकडे याचं उत्तर नाही. त्या काळात शिपायानं अशा मुलीवर प्रेम करावं, एवढं दाखवणंही धाडसाचं होतं. पण जगण्याचा धडा नायकाच्या वाट्याला आला आणि तुरुंग मैनेच्या.

पडद्याबाहेरही असंच काहीसं घडलं. ज्या शांता हुबळीकरांना सारा महाराष्ट्र ओळखत होता, त्यांना उतारवयात वृद्धाश्रमाचा आसरा घ्यावा लागला. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी त्या गाण्याचंच नाव दिलं, 'कशाला उद्याची बात'. १९९२ मध्ये त्या गेल्या.

आजींचा प्रश्न आपल्या नागपूरला नवा नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये इतवारीजवळच्या गंगा-जमुना वस्तीला पोलिसांनी बॅरिकेड लावले. वस्ती बंद व्हावी म्हणून आजूबाजूचे रहिवासी मागणी करत होते, आणि तिथल्या बायका व त्यांच्या बाजूचे लोक विरोधात रस्त्यावर उतरले होते. दोन्हीकडे बायका होत्या. आपण बातमी वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. मीही ठेवला.

कायदा काय म्हणतो, हेही माहीत असू द्या. १९५६ च्या कायद्यानं कोठा चालवणं आणि दुसऱ्याच्या या कमाईवर जगणं हा गुन्हा आहे. म्हणजे मैनेचा मामा आज गुन्हेगार ठरला असता. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं या बायकांना रेशन कार्ड आणि मतदार ओळखपत्र द्यायला सांगितलं. १९ मे २०२२ च्या आदेशात न्यायालयानं म्हटलं, की त्यांनाही सन्मानानं जगण्याचा हक्क आहे.

रेशन कार्ड न्यायालय देववू शकतं. पण शेजारीण ही शेजारणीलाच व्हावं लागतं. गणपतच्या आईनं दार उघडलं होतं, तरी मैना उंबऱ्यावरून परतली, कारण बाकीच्या जगानं तिला तिची जागा शिकवून ठेवली होती. त्या बाकीच्या जगात आपणही असतो. बैठकीत गप्प बसलेली मीसुद्धा.

पुढच्या बैठकीत मी गटाची पंचसूत्री वाचून दाखवली. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, लेखे. विचारलं, "यात पूर्वी काय करत होतीस, हे कुठं लिहिलंय?" दोघींना तरी पटलं नाही. एक म्हणाली, "लोक आम्हाले नावं ठेवतील." तिची भीती खोटी नव्हती, म्हणून मी तिला रागावले नाही. शेवटी हात वर करून ठरवलं. आठ विरुद्ध दोन. एक जण कुणीकडेच नव्हती. या वेळी पहिला हात माझा होता.

बारावा हात आजींचा होता, पण त्यांनी तो वर केला नाही. त्या उठल्या, आपल्या शेजारची सतरंजी झटकली आणि म्हणाल्या, "तिले इथं बसू द्या."

मैत्रिणींनो, 'माणूस' घरी बसून पाहायला मिळतो. एकटीनं पाहू नका, चार जणींना बोलवा. आणि तुमच्या गटात अशी कुणी आली, तर विषय पुढच्या बैठकीवर ढकलू नका.